गाडीच्या दाराची काच, १०,३८४ रुपयांचे बिल आणि न बदललेले मशीन

गेल्या जुलैमध्ये आईला घेऊन पुण्यातील एका रुग्णालयात गेलो असता, बाहेर गल्लीत लावलेल्या आमच्या गाडीची मागच्या डाव्या दाराची काच फोडून कोणीतरी सीटवरची पिशवी नेली. पिशवीत आईच्या जुन्या तपासण्यांचे कागद आणि एक स्वेटर यापलीकडे काही नव्हते, त्यामुळे चोरीचे दुःख दोन दिवसांत ओसरले. त्यानंतर काच बसवताना माझी जी फसवणूक झाली, तिचा हिशेब मात्र अजून पुरा झालेला नाही. ज्या कामाचा योग्य खर्च २,८०० रुपये होता, त्याच कामाचे माझ्याकडून १०,३८४ रुपये घेतले गेले, आणि एवढे पैसे देऊनही काम झालेच नव्हते. दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

पाऊस सुरू होता आणि आई पुढच्या सीटवर ओली होत होती. पोलीस ठाण्यात तक्रार देऊन बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच दोन-तीन ठिकाणी फोन केले. त्यांपैकी एका दुकानदाराने गाडीचे मॉडेल विचारून लगेच सांगितले, "काच अठराशे, फिटिंग चारशे, एका तासात गाडी देतो." बाकीच्यांपेक्षा हा दर कमी होता आणि दुकान वाटेवरच होते, म्हणून तिकडे गेलो. काच कोणत्या कंपनीची, नवी की जुनी, दरात कर धरला आहे की नाही, यांपैकी एकही प्रश्न मी फोनवर विचारला नाही.

दुकानात गेल्यावर आधी दाराचे आतले आवरण, ज्याला गॅरेजमध्ये डोअर पॅड म्हणतात, ते उघडण्यात आले आणि मग दर बदलू लागला. दार उघडून ठेवल्यावर, सुट्या तारा लोंबत असताना आणि बाहेर पाऊस असताना गाडी तिथून हलवणे शक्य नसते, हे त्या माणसाला पुरते ठाऊक होते. "साहेब, तुमचे मशीनही गेले आहे, नवी काच टाकली तरी ती वर जाणार नाही," असे म्हणून त्याने बटण दाबून दाखवले. मोटरचा घरघर आवाज आला आणि आतली पट्टी खरोखरच अडकली. मशीन म्हणजे काच वर-खाली करणारी यंत्रणा. मी होकार दिला. मग अठराशेची काच हलकी असते, कंपनीची ३,९०० ला पडेल, असे सांगण्यात आले. त्यावर सेन्सर सेटिंगचे ९०० आणि मशीन बदलायचे म्हणून फिटिंगचे ८०० झाले. शेवटी हातात पडलेल्या बिलात काच ३,९००, मशीन ३,२००, सेन्सर ९००, फिटिंग ८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,५८४ अशी एकूण १०,३८४ रुपयांची रक्कम होती. मी थोडा घुटमळलो तेव्हा, "काळजी करू नका, हे बिल लावा, इन्शुरन्समधून सगळे परत मिळेल," असे आश्वासनही मिळाले. पैसे यूपीआयने दिले. ते दुकानाच्या नावावर न जाता एका व्यक्तीच्या नावावर गेले, हे मी पाहिले आणि सोडून दिले.

विम्याचे आश्वासन तिसऱ्याच दिवशी खोटे ठरले. विमा कंपनीने विचारले की दुरुस्तीपूर्वी कळवले होते का आणि सर्वेअरने, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसाने, गाडी पाहिली होती का. दोन्हींचे उत्तर नाही असे होते, त्यामुळे दावा तिथेच संपला. पुढे मी पॉलिसी नीट वाचली तेव्हा लक्षात आले की वेळेत कळवले असते तरी या कामासाठी दावा करणे शहाणपणाचे नव्हते. काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापला जात नाही हे खरे आहे, परंतु १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये मालकानेच सोसायचे असतात. शिवाय सलग चार वर्षे दावा न केल्यामुळे मला हप्त्यात मिळणारी ४५ टक्क्यांची सवलत एका काचेपायी शून्यावर आली असती. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा आहे, त्यांना तर स्वतःच्या गाडीच्या काचेसाठी काहीच मिळत नाही. दुकानदार जेव्हा विम्याचा हवाला देऊन रक्कम वाढवतो, तेव्हा तो पैसा आपल्याच खिशातून जाणार असतो.

तीन आठवड्यांनी त्या दारातून वाळूत खडे हलावेत तसा आवाज येऊ लागला, काच मध्येच तिरकी होऊन थांबू लागली आणि पाऊस झाला की मागच्या पायपुसण्याखाली पाणी साचू लागले. तेव्हा मी आमच्या जुन्या ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी माझ्यासमोर पॅड काढले आणि पहिल्यांदा मला मोबाइलवर चित्रीकरण सुरू करायला सांगितले. या एका सूचनेसाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

पॅड जागेवर धरणाऱ्या नऊ क्लिपांपैकी चारच शिल्लक होत्या. पॅडच्या आत पाणी अडवण्यासाठी प्लास्टिकचा एक पातळ पडदा चिकटवलेला असतो. तो फाडून टाकला होता आणि पाणी आत येण्याचे तेच कारण होते. मशीन जुनेच होते. त्याच्या बोल्टांवर कारखान्यात मारलेली पिवळ्या रंगाची खूण अखंड होती, म्हणजे ते बोल्ट कोणी सैलही केले नव्हते, आणि पट्टीवर काही वर्षांची धूळ तेलात मिसळून घट्ट बसली होती. दाराच्या तळाशी फुटलेल्या जुन्या काचेचे तुकडे तसेच पडलेले होते. मेस्त्रींनी ते हाताने आणि मग व्हॅक्यूमने काढून एका वाटीत जमा केले, तेव्हा वाटी काठोकाठ भरली. त्याच तुकड्यांनी दाराच्या खालच्या कडेची पाणी निचरण्याची छिद्रे बुजली होती, आणि यंत्रणेच्या खाचेत अडकलेल्या चार-पाच खड्यांमुळेच त्या दिवशी मशीन अडले होते. ३,२०० रुपयांचे नवे मशीन म्हणजे प्रत्यक्षात काही खडे काढून पुन्हा दाबलेले बटण होते.

काचेचे प्रकरण त्याहून गंभीर निघाले. उरलेल्या तीन दारांच्या काचा किंचित हिरवट छटेच्या आहेत आणि ही एकच पांढरी, म्हणजे बिनछटेची होती. दुकानात संध्याकाळच्या अंधारात ते मला दिसले नव्हते. तिच्या खालच्या कडेवर आधीच्या गाडीतील पकडीचा गंजाचा डाग होता आणि उभ्या बारीक रेघा होत्या, ज्या खाचेतून वर्षानुवर्षे वर-खाली झालेल्या काचेवरच उमटतात. म्हणजे कंपनीची म्हणून मला विकलेली काच दुसऱ्या कोणत्या तरी गाडीतून काढलेली होती. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी जुने सुटे भाग उघडपणे मिळतात आणि ओरखडे नसलेली जुनी काच जुनी म्हणून, जुन्याच्या भावात घेण्यात गैर काही नाही. ती नवी म्हणून विकणे ही शुद्ध फसवणूक आहे.

दाराच्या काचेचा खर्च नेमका कशावर ठरतो, हे मेस्त्रींनी त्या दिवशी काम करता करता मला समजावले. समोरची मोठी काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो. तिला खड्याने छोटा टवका गेला तर काही वेळा तो भरता येतो. बहुतेक गाड्यांच्या दारांची काच मात्र टफन केलेली असते. ती सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात, त्यामुळे फुटली की तिचे सगळेच बोथट तुकडे होतात आणि एकदा टफन झाल्यावर तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही. याचा सरळ अर्थ असा की दाराची काच दुरुस्त होत नाही आणि मापाने कापूनही मिळत नाही. त्याच मॉडेलसाठी, त्याच दारासाठी, त्याच बाजूसाठी घडवलेली काच शोधावी लागते. म्हणून भरपूर खपलेल्या हॅचबॅकची काच स्वस्त आणि सहज मिळते, तर उत्पादन बंद झालेल्या किंवा परदेशातून आलेल्या गाडीच्या काचेसाठी थांबावे लागते आणि तिचा भावही चढा असतो. मागच्या दारातील वर-खाली होणारी काच आणि तिच्या शेजारची छोटी स्थिर काच हे वेगळे भाग आहेत. ती छोटी काच पुष्कळ गाड्यांत रबराच्या चौकटीसह साच्यात घडवलेली असल्याने आकाराच्या मानाने महाग पडते. काही महागड्या गाड्यांत आवाज अडवण्यासाठी दारालाही लॅमिनेटेड काच असते. छटा असलेली आणि बिनछटेची काच यांच्या भावातही फरक पडतो, आणि माझ्या बाबतीत तो फरक दुकानदाराच्या खिशात गेला.

बिलातील सेन्सरची रक्कम तर निव्वळ कल्पनेतून आलेली होती. काच बदलल्यावर असे सेटिंग लागते ते चालकाला मदत करणाऱ्या कॅमेऱ्याचे, पण त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे नव्याने जुळणी, ही गोष्ट समोरच्या काचेशी संबंधित आहे, कारण ज्या गाड्यांत असा कॅमेरा असतो त्यांत तो तिच्यामागे बसवलेला असतो. मागच्या दाराच्या काचेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही आणि आमच्या गाडीत कॅमेरा मुळातच नाही. मध्ये हात आल्यास आपोआप थांबणाऱ्या काचेला बदलल्यानंतर कधीकधी नव्याने मर्यादा शिकवावी लागते, पण पुष्कळ गाड्यांत ते काम बटण काही सेकंद दाबून धरल्याने होते.

कोणती काच घ्यावी हे ओळखण्याची खूण काचेच्या कोपऱ्यातच असते. उत्पादकाचे नाव, आयएसआय चिन्ह, 'आयएस २५५३' हा मानक क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक तिथे कोरलेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० मध्ये गाडीच्या काचेसाठी हेच मानक दिले आहे आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे अशी अटही आहे. अधिकृत सुट्या भागाच्या खोक्यावर भाग क्रमांक आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. त्या किमतीवर पुन्हा जीएसटी लावता येत नाही, हे मला माझे बिल घेऊन बसल्यावर समजले. मेस्त्रींनी मला नाना पेठेतून भाग क्रमांकानुसार काच आणायला लावली. खोक्यावरची किंमत १,९६० होती, आतला पडदा, क्लिपा आणि बाहेरची रबरी पट्टी मिळून ३४० आणि मजुरी ५००, असे २,८०० रुपयांत दार पूर्ववत झाले. पॅड बंद करण्यापूर्वी त्यांनी मला आत डोकावून पाहायला लावले आणि काढलेले सर्व जुने सामान माझ्या हवाली केले.

त्यानंतर मी बिलावरचा जीएसटी क्रमांक शासनाच्या पोर्टलवर तपासायला घेतला. खरा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीचा २७ ने सुरू होतो. माझ्या बिलावर १४ च अक्षरे होती. कर म्हणून घेतलेले १,५८४ रुपये शासनाकडे कधीच जाणार नव्हते.

दुकानात परत गेलो तेव्हा आधी मला ओळखच दाखवली गेली नाही. मी वाद घातला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक, बिलाची प्रत, यूपीआयची पावती, बोल्टांवरच्या पिवळ्या खुणेची आणि काचेवरच्या गंजाची छायाचित्रे जोडून दुकानाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवली. नऊ दिवसांनी फोन आला आणि त्याच दिवशी मशीनचे ३,२०० आणि कराचे १,५८४ असे ४,७८४ रुपये माझ्या खात्यावर परत आले. काचेचे आणि सेन्सरचे पैसे देण्यास मात्र त्याने साफ नकार दिला.

त्या उरलेल्या रकमेसाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. मेस्त्रींनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिलेला तपशील, ती जुनी पांढरी काच आणि वाटीभर तुकड्यांची बंद पिशवी मी पुरावा म्हणून जपून ठेवली आहे.