‘मोफत घोरणे तपासणी शिबिर’चं पत्रक आलं तर सरळ रद्दीत टाका

पेपरात घालून एक पत्रक तुमच्याकडेही आलं असेल. ‘मोफत घोरणे तपासणी शिबिर, फक्त एक दिवस, जोडीने यावे.’ जुळे सोलापुरात आमच्या भागात घरोघर आलं होतं. मला ते 12,249 रुपयांना पडलं. हिशेब आधीच देतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको: उशी आणि बेल्टचा सेट 7,800, फोनवरून गळ्यात मारलेला ‘ॲडव्हान्स बेल्ट’ 3,450, आणि माल परत नेण्याचं ‘डिपॉझिट’ 999.

मी घोरतो. चांगला दणकून घोरतो. सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला जाताना अनोळखी माणसांनी हलवून उठवलंय. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात कार्यालयाच्या हॉलमध्ये आम्ही सगळे पुरुष ओळीने झोपलो होतो, सकाळी बघतो तर माझ्या दोन्ही बाजूंच्या गाद्या रिकाम्या. सौ. उन्हाळ्यात गच्चीवर झोपते ते उकाड्यामुळे, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. तेव्हा ‘शिबिराला गेलातच कशाला’ म्हणणाऱ्यांनी आधी एक रात्र माझ्या खोलीत काढावी.

शिबिरातला पांढरा कोटवाला जे बोलत होता त्यातलं निम्मं खरं होतं, आणि तिथंच गोम आहे. पाठीवर उताणं झोपलं की जीभ आणि टाळूचा मऊ भाग आपल्या वजनाने मागे जातो, श्वासाची वाट अरुंद होते आणि ते मांस फडफडतं, तोच घोरण्याचा आवाज. कुशीवर वळलं की बऱ्याच जणांचं घोरणं कमी होतं. यात खोटं काही नाही. माझी आईसुद्धा वडिलांना ढोसून कुशीवर वळवायची. निव्वळ थापा मारल्या असत्या तर मी तिथल्या तिथे उठून आलो असतो.

मग त्यानं मला गादीवर उताणं झोपवलं, बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली. 91. मग कुशीवर वळवून त्याची उशी मानेखाली दिली. 98. सौ.चा चेहराच उतरला. ‘बघा ताई, रात्रभर हे असं चालतं.’ आता डोकं चालवून सांगतो: मी जागा होतो. घोरत नव्हतो. झोपेतली श्वासाची अडचण टक्क जाग्या माणसाच्या बोटावर कशी दिसेल? क्लिप पहिल्या वेळी बोटाच्या टोकावर अर्धवटच अडकवली होती, हे सौ.ला घरी आल्यावर आठवलं. तिथं मागे रांग, पुढे तो, ‘आजच्यापुरता भाव, उद्या 11,500’, आणि शेजारी एक गृहस्थ पैसे मोजत होते. ते गृहस्थ त्यांच्यातलेच असणार, हे आता वाटतं.

पण खरी आग होते ती बिलामुळे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्याचे अकाउंट्स मी बघतो. जीएसटी नंबर 15 अक्षरी, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. सुताच्या पार्टीचं बिल हातात आलं की माझी नजर आधी तिथं जाते, सवयच आहे. त्या दिवशीचं बिल घडी घालून खिशात टाकलं. घरी उघडलं तर पत्ता पुण्याचा, नंबर 07 ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा, आणि अक्षरं मोजली तर 13. माझ्या ज्युनिअरने असं बिल पास केलं असतं तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. पण तो कामाचा टेबल असतो ओ. रविवारी दुपारी, बायकोसमोर, ऑक्सिजन 91 ऐकल्यावर कोण बिलाचे आकडे मोजतं?

‘जर्मन मेमरी फोम’च्या उशीला चेन होती. उघडली तर आत टॉवेलच्या कटिंगमधून निघते तसली चिंधी, दोऱ्यांसकट. मला, टॉवेलवाल्याला, चिंधी विकली! बेल्टला पाठीमागे शिवलेला ‘पोझिशन मॉड्यूल’ होता. शिवण उसवली, आत टेनिसचा चेंडू. तोही वापरलेला, गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं गुंडाळतात तसल्या चिकटपट्टीचा अर्धा तुकडा त्याला अजून चिकटलेला. जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू घालायचा, म्हणजे उताणं झालं की टोचतो आणि माणूस वळतो, हा उपाय जुना आहे आणि फुकट आहे. कुणाला करायचा असेल तर घरीच करा.

शिबिरवाल्याला फोन केला तर त्यानं आवाज चढवला नाही, उलट माफी मागितली. ‘सर, तुम्हाला बेसिक मॉडेल गेलं, ॲडव्हान्समध्ये सेन्सर येतो.’ पाठीवर वळलं की थरथरणारी यंत्रं खरोखर असतात, मी वाचलं होतं, म्हणून 3,450 भरले. आलेलं यंत्र पाठीवर थरथरायचं, कुशीवर थरथरायचं, टेबलावर ठेवलं तरी थरथरायचं. परत घ्या म्हटल्यावर आठवडाभर रोज ‘उद्या पिकअप’, मग 999 डिपॉझिट, ‘माल पोचला की सगळे पैसे एकदम’. रिफंडवर जीएसटी भरा म्हणाला असता तर त्याची गचांडी तिथंच धरली असती. त्यानं डिपॉझिट मागितलं, आणि आमच्या धंद्यात डिपॉझिट रोजचंच. त्या संध्याकाळपासून फोन बंद. पैसे परत मिळवायला आधी पैसे मागणारा चोरच, एवढं धरून चला.

आता यंत्रणेचं ऐका. पहिल्या चौकीत सांगितलं, हॉल आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठिकाणी, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली, हे ग्राहकाचं मॅटर.’ एकाने अर्ज वाचून विचारलं, ‘काका, घोरता किती ओ?’ आणि सगळी खोली हसली. अर्ज मात्र तसाच टेबलावर. पुढच्या ठिकाणी, ‘तुम्ही समोरासमोर घेतलंय, हे सायबर नाही.’ अहो, 3,450 आणि 999 फोनवरून गेलेत! ‘मग तेवढ्याचा वेगळा अर्ज करा.’ बँकेत, ‘पिन तुम्हीच टाकलाय.’ औषधांचं बघणाऱ्या कार्यालयात, ‘उशी औषधात येत नाही.’ तिथं डॉक्टर म्हणून माणूस बसला होता म्हटलं, तर ‘डॉक्टर होता याचा पुरावा?’ पांढऱ्या कोटाचा पुरावा कुठून आणू? हॉलच्या मॅनेजरने तर कमालच केली. भाडं रोख घेतलं, आधारची झेरॉक्स ‘शोधावी लागेल’. ती अजून शोधतोय. पुढच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये गुडघेदुखीचं शिबिर लागलं.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत 2 वर्षं. सगळं बरोबर. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर माझा पुण्याचा भाचा जाऊन आला, तिथं पंक्चरचं दुकान आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर वाट न बघता लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले तरच काही हाती लागतं. मी आठवडा घालवला, कारण तो रोज ‘उद्या पिकअप’ म्हणत होता. ग्राहक हेल्पलाइन 1915. तक्रार क्रमांक लिहून ठेवा, तोंडी ‘नोंद केली’वर जाऊ नका.

पैशापेक्षा संताप एका वाक्याचा येतो. शिबिरवाला म्हणाला होता, ‘हा सेट असल्यावर डॉक्टरची गरज नाही.’ शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला कमी आणि सौ.ला जास्त विचारलं: मध्येच श्वास थांबतो का, दचकून उठतात का, दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का. वजन, मान, बीपी, दारू, झोपेच्या गोळ्या, सगळं बघितलं. रात्रभर तारा लावून झोपेची तपासणी झाली. तासाला 22 वेळा श्वास अडतो असं निघालं. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्याच्या वर गंभीर. कुशीवर झोपून आवाज कमी झाला तरी श्वास अडणं थांबेलच असं नाही, म्हणून मला मास्कचं मशीन सांगितलंय. चेंडू टोचून घेत पडून राहिलो असतो तर हे कळलंच नसतं. घरात कुणाचा श्वास झोपेत थांबत असेल तर उशा-बेल्टांच्या नादी लागू नका.

त्या रविवारी हॉलमध्ये माझ्या आगेमागे बरीच माणसं होती. विजापूर रोडवरून, विडी घरकुलातून आलेली जोडपी तर मीच बघितली. लाजेने कुणी बोलत नाही. तुमच्यापैकी कुणी असेल तर 13 अक्षरी नंबरचं ते बिल फाडू नका, ज्या खात्यावर पैसे पाठवले त्याचा फोटो काढून ठेवा. आयोगाच्या परवानगीने अनेकांना मिळून एकच तक्रार करता येते. माझ्या एकट्याच्या अर्जावर हसले. दहा जण गेलो तर त्या मॅनेजरला झेरॉक्स सापडेल.