टारांटो की टोकियो?

विमानवाहू जहाजावरून झालेल्या दोन धाडसी हल्ल्यांची तुलना नेहमी होते. 11 नोव्हेंबर 1940 च्या रात्री ब्रिटिशांच्या इलस्ट्रियसवरून 21 स्वोर्डफिश विमानं इटलीच्या टारांटो बंदरावर गेली. कापडी आवरणाची, उघड्या कॉकपिटची, संथ दुपंखी विमानं! उथळ पाण्यात पाणतीर (टॉर्पेडो) तळाला रुतू नयेत म्हणून त्यांत खास बदल केले होते. तीन युद्धनौका जायबंदी झाल्या, गमावली फक्त दोन विमानं. निकाल पाहिला तर टारांटोच सरस.

पण छातीत धस्स होतं ते 18 एप्रिल 1942 चा टोकियोवरचा अमेरिकी हल्ला वाचताना. बी-25 हे जमिनीवरचं बॉम्बर; हॉर्नेट या अमेरिकी विमानवाहू जहाजावरून उडेल, पण परत उतरू शकणार नाही. त्यात जपानी टेहळणी बोटीने पाहिलं आणि ठरल्यापेक्षा कितीतरी आधीच निघावं लागलं. समुद्र खवळलेला, आणि पहिल्या विमानातल्या, मोहिमेच्या नेत्या डूलिटलसमोर जेमतेम 142 मीटर डेक. इंधन पुरणार नाही हे ठाऊक असून 16 विमानांतले 80 जण मोहिमेवर निघाले. एक विमान रशियात उतरलं, बाकी सगळी चीनमध्ये किंवा किनाऱ्याजवळ कोसळली.

बॉम्बनी नुकसान थोडंच झालं, जपानचा गाफीलपणा मात्र संपला. या वैमानिकांना चिनी गावकऱ्यांनी लपवलं, खाऊ घातलं, वाट दाखवली. त्याचा सूड म्हणून जपानी सैन्याने गावंच्या गावं जाळली, असंख्य माणसं मारली. टोकियोच्या शौर्यकथेत ही माणसं एका ओळीत आटोपली जातात, ते मला फार खुपतं.