पैसे भरून निवडलेला मोबाइल नंबर: दिवाळीपासून आजवरचा अनुभव

ठाण्यात नौपाड्याला आमचं घरगुती फराळ आणि पुरणपोळ्यांचं काम आहे. धंद्यासाठी वेगळा नंबर हवा होता, म्हणून गेल्या दिवाळीआधी ४९९ रुपये भरून शेवटचे चार आकडे आवडीचे घेतले, ४५४५. हे पैसे नुसते आकडे निवडायचे, रिचार्ज वेगळा. जून २०२४ मध्ये 'आता प्रत्येक नंबरला पैसे लागणार' अशी बातमी फिरली होती, पण ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, लगेच ती खोटी असल्याचं सांगितलं. साध्या नंबरला वेगळे पैसे नाहीत.

धंद्यापुरतं बोलायचं तर पैसे वसूल. आमच्या बऱ्याच ऑर्डरी तोंडी येतात. राम मारुती रोडवर भाजी घेताना कुणी विचारलं की आई नंबर सांगते आणि 'पंचेचाळीस पंचेचाळीस' समोरच्याच्या डोक्यात पक्कं बसतं. एका आजोबांनी तर कुठेही न लिहिता घरी जाऊन थेट लँडलाइनवरून फोन लावला आणि वीस पोळ्या सांगितल्या.

मनस्ताप झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. हा नंबर आधी दुसऱ्या कुणाचा तरी होता आणि विकताना हे कुणी सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यापासून वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. सकाळी पुरण शिजत असतं, हात भरलेले असतात, आणि पलीकडून 'तुमचा हप्ता थकलाय'. किराणाच्या एका ॲपवर लॉग-इन केलं तर डोंबिवलीचा कुणाचा तरी पत्ता समोर आला. सगळ्यात वाईट म्हणजे बँकेचे मेसेज. त्या अनोळखी माणसाच्या खात्यात पगार किती जमा झाला, शिल्लक किती उरली, सगळं मला कळत होतं. त्याचे ओटीपीसुद्धा माझ्याकडे. माझ्या जागी एखादा लबाड असता तर?

बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत. पण तेवढ्यात जुना मालक सगळीकडे नंबर बदलतोच असं नाही. बंद नंबरांची यादी सरकार ठेवतं, आणि ती वापरून आपल्या नोंदी साफ करा असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय. तरी हे मेसेज थांबवायला मला त्या बँकेच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा लागला. मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरने 'ब्लॉक करा' एवढंच सांगितलं. नंबरचे जादा पैसे घेणाऱ्या कंपनीकडून हे उत्तर मला अजिबात पटलं नाही.

एक गोष्ट मात्र चांगली. घोडबंदर रोडला डिलिव्हरीला गेलं की रेंज जायची, म्हणून ९० दिवस झाल्यावर १९०० वर पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा, मेसेज टाकला आणि कंपनी बदलली. नंबर तोच राहिला, ४९९ वाया गेले नाहीत. दलालाकडून पोर्टिंग कोडवर (पोर्टच्या मेसेजला उत्तर म्हणून येतो तो कोड) व्हीआयपी नंबर घेण्याच्या फंदात मात्र पडू नका. तो कोड आपल्याकडे चारच दिवस चालतो आणि तोवर सिम दुसऱ्याच्याच नावावर असतं.

तुम्हीही घेणार असाल तर पैसे भरण्याआधी दुकानात एकच विचारा: नंबर कोरा आहे की वापरलेला? कोऱ्या नंबरची लेखी हमी देणारी कंपनी सापडली, तर मी १००० रुपयेसुद्धा आनंदाने देईन.