पाणपक्षी सर्वेक्षण सेवा : यादी ठीक, मोल काठाच्या मोजमापाला

करवीर तालुक्यातल्या एका गावतलावासाठी कोल्हापुरातल्या पाणथळ-पक्षी अभ्यासकांच्या एका गटाकडून घेतलेल्या सर्वेक्षणाचं हे परीक्षण. गटात तिघं होते : पक्षी मोजणारा, पाणवनस्पती पाहणारी आणि पाणी व गाळ तपासणारा. हिवाळ्यात एक फेरी, उन्हाळ्यात एक, मग अहवाल आणि ग्रामसभेपुढे मांडणी, असा करार. मत आधीच सांगून टाकतो. मोजणी चोख, काठाचा नकाशा फार चांगला, पावसाळ्याची बाजू कच्ची आणि अहवालाची भाषा चुकलेली. गाळ काढण्याआधी किंवा सुशोभीकरणाचं टेंडर निघण्याआधी अशी सेवा जरूर घ्यावी. टेंडर निघाल्यावर घेतली तर पैसे वाया जातात, कारण तोवर काठाचा उतार कागदावर ठरलेला असतो.

मोजणीची शिस्त पाहण्यासारखी होती. सूर्योदयानंतरच्या तीन तासांत, सूर्य पाठीशी ठेवून, ठरावीक थांब्यांवरून. तीन पायांच्या स्टँडवर २० ते ६० पट मोठं दाखवणारी दुर्बीण आणि जोडीला ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट दाखवणारी नि ४२ मिलिमीटर भिंगाची, हातातली. दहानंतर पाण्यावरून उष्ण हवेच्या लाटा उठतात आणि जास्त पट लावले की बदकं थरथरायला लागतात, म्हणून त्यानंतरचे आकडे त्यांनी घेतलेच नाहीत. मोठा थवा एकेक करून मोजत नाहीत. आधी दहा पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात हे नजरेत बसवायचं, मग तेवढे गठ्ठे थव्यावर पुढे सरकवत न्यायचे, थवा मोठा असेल तर पन्नासाचे. दोघांनी स्वतंत्र मोजायचं आणि आकडे फार वेगळे आले तर पुन्हा मोजायचं. टिबुकली आणि वारकरी हे पक्षी सतत बुडी मारतात, त्यामुळे एकाच नजरफेरीत ते हमखास कमी भरतात. त्यांच्यासाठी त्याच पट्ट्यावरून दोनतीनदा नजर फिरवून सर्वांत मोठा आकडा धरला. बगळे आणि पाणकावळे दिवसभर शेतांत नि नदीवर पांगलेले असतात, त्यांची खरी संख्या संध्याकाळी काठच्या बाभळींवर रातथाऱ्याला येतानाच कळते. ती मोजणी सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून वेगळी केली. स्वस्तातल्या सर्वेक्षणात नेमकी हीच वगळलेली असते.

अभ्यासक किती पाण्यात आहे हे ओळखायचं असेल तर नर बदकांबद्दल विचारू नका, माद्यांबद्दल विचारा. भुवई बदकाची मादी आणि चक्रांगाची मादी लांबून सारख्याच तपकिरी दिसतात. भुवई बदकाच्या चेहऱ्यावरचे पट्टे ठळक आणि चोचीच्या बुडाशी फिकट ठिपका, चक्रांगाच्या शेपटीच्या बुडाशी बाजूला फिकट रेघ. त्यातही भुवई बदकाचे नर इकडे उतरतात तेव्हा मादीसारख्याच पिसाऱ्यात असतात आणि पुष्कळदा हिवाळा सरत येईपर्यंत तसेच राहतात. नोव्हेंबरच्या यादीत 'सगळ्या माद्या' असं लिहिलेलं दिसलं तर तो अहवाल बाजूला ठेवावा. पाणलाव्यांचंही तसंच. साधा पाणलावा उडाला की पंखाच्या मागच्या कडेला पांढरी किनार दिसते, पिनशेपटी पाणलाव्याला ती जवळजवळ नसतेच. या गटाने जिथे किनार दिसली नाही आणि फोटोही मिळाला नाही, तिथे नुसतं 'पाणलावा' लिहिलं. यादी एका नावाने छोटी झाली, पण विश्वास वाढला.

आता मुख्य गोष्ट. पक्ष्यांची यादी हौशी पक्षीनिरीक्षकही करून देतात, आणि कोल्हापुरात ती मंडळी उत्तम आहेत. पैसे मोजायचे ते पक्षी आणि पाण्याची खोली यांचा मेळ घालून देण्यासाठी. अडई, हळदी-कुंकू बदक, थापट्या ही पृष्ठभागावर किंवा मान बुडवून खाणारी मंडळी साधारण ३० सेंटिमीटरच्या आतल्या पाण्यात चरतात. तुतवार आणि छोटे चिखले यांना पाच सेंटिमीटरही पुष्कळ. शेकाट्याचे पाय लांब, तो थोडा आत जातो. मधल्या खोल पाण्यात बदकं विसाव्याला बसतात, पण पोट भरतं काठाला. म्हणून अहवालातला सर्वांत कामाचा कागद म्हणजे काठाचा छेद, काठापासून आत पाणी कसं खोल होत जातं त्याचं चित्र. दर पन्नास मीटरवर काठापासून आत दोरी ताणून, मोजपट्टीच्या काठीने खोली घेत काढलेला.

हिशेब सोपा आहे. काठाचा उतार एकास एक असेल, म्हणजे मीटरभर आत गेल्यावर मीटरभर खोल, तर ३० सेंटिमीटरपर्यंतच्या उथळ पाण्याचा पट्टा फक्त ३० सेंटिमीटर रुंद मिळतो. एकास दहा उतार असेल तर तोच पट्टा तीन मीटर होतो, एकास वीस असेल तर सहा. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसा हा पट्टा आत सरकत जातो आणि दर आठवड्याला नवा ओला चिखल उघडा पडतो. दगडी पिचिंग (काठावर दगड बसवून केलेलं अस्तर) आणि उभी भिंत बांधली की पाणी कितीही उतरो, पट्टा तयारच होत नाही. रंकाळ्याच्या दगडी काठावर उभं राहून पाहिलं आणि मग कळंब्याच्या उघड्या मातीच्या काठाला चक्कर मारली, की हा फरक कुणालाही दिसेल. अभ्यासकांनी ग्रामपंचायतीला सुचवलं ते असं : सांडव्याकडची आणि रस्त्याकडची बाजू बांधायची असेल तर बांधा, ओढा तलावात येतो ती बाजू एकास दहापेक्षा चढी करू नका आणि तिथला गाळ सरसकट उपसू नका. जेसीबीवाल्याला हे तोंडी सांगून उपयोग नसतो. चढा खड्डा खणायला सोपा आणि ट्रॉल्याही पटापट भरतात, म्हणून तो तसाच खणतो. त्यांनी काठावर रंगवलेले खुंट ठोकून दिले आणि प्रत्येक खुंटापाशी किती खोल जायचं ते लिहून दिलं. एवढ्यासाठीसुद्धा ही सेवा घ्यावी.

म्हशींबद्दलचा सल्ला बऱ्याच जणांना रुचणार नाही, पण तो बरोबर आहे. तलाव सुधारायचा म्हणजे पहिल्यांदा म्हशी बंद, हा आपल्याकडचा नेम. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये चराई बंद झाली, तेव्हा पाण्यातलं गवत इतकं माजलं की उघडं पाणी आक्रसलं आणि बदकांसह पुष्कळ पक्ष्यांना त्याचा फटका बसला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून म्हशींचं काम तिथे लक्षात आलं. म्हैस गवत खाते, पाणकणसं तुडवते आणि काठ उघडा ठेवते. म्हणून इथल्या अहवालात म्हशींना ठरलेल्या एका बाजूने उतार ठेवलाय आणि मार्च ते जून टिटवी, शेकाट्या, कंठेरी चिखल्या सुक्या चिखलावर अंडी घालतात तो तुकडा तेवढे महिने दोरी बांधून राखायला सांगितलंय. गोठ्यांचं शेण नि धुवण मात्र ओढ्यातून तलावात येऊ द्यायचं नाही. ती वेगळी भानगड आहे आणि तिथे त्यांनी सवलत दिलेली नाही.

केंदाळाचं वेळापत्रकही नीट दिलंय. फेब्रुवारी ते मे या काळात, पाणी कमी असताना काढायचं. पाऊस सुरू झाल्यावर ते वाऱ्याने आणि प्रवाहाने पसरतं, शिवाय कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी जून ते सप्टेंबर तरंगत्या वनस्पतींवरच घरटी करतात. काढलेलं केंदाळ काठावर टाकून ठेवलं तर पहिल्या पावसात निम्मं परत पाण्यात जातं आणि उरलेलं कुजून तिथेच झिरपतं, म्हणून ते पाण्याच्या कमाल पातळीच्या वर नेऊन खत करायचं. बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एकदा काढून मोकळं होता येत नाही, दरवर्षी उगवून आलेलं हाताने वेचावं लागतं. पाणकणीस आणि लव्हाळा मात्र एकदम सगळा कापायचा नाही. एकतृतीयांश कापायचं, बाकी ठेवायचं, पुढच्या वर्षी दुसरा तृतीयांश.

पाण्याच्या तपासणीत विरघळलेला प्राणवायू पहाटे आणि दुपारी असा दोनदा मोजला, हे विशेष नोंदवायला हवं. हिरव्या शेवाळाने भरलेल्या तलावात दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो, कारण शेवाळ उन्हात तो सोडतं. रात्री तेच शेवाळ तो वापरतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. दुपारचा एकच आकडा देणारा अहवाल तलाव निरोगी असल्याची खोटी खात्री देतो. चिलापी माशाबद्दल मात्र फार थोडं लिहिलंय. मत्स्यबीज सोडण्याचा ठेका गावाला दरवर्षी द्यायचा असतो, त्यामुळे कुठले मासे सोडू नयेत यावर सविस्तर पान हवं होतं. कॉमन कार्प तळ उकरून पाणी गढूळ करतो, मग ऊन तळापर्यंत पोहोचत नाही आणि बदकांचं खाद्य असलेल्या बुडालेल्या वनस्पती मरतात. हे ठेकेदाराला आधीच कळायला हवं.

आता उणिवा. पावसाळ्यात फेरीच नाही. हळदी-कुंकू बदक साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये घरटं करतं, कमळपक्ष्यांचा हंगामही तोच, आणि इथल्या तलावांत वर्षभराचं पाणी याच महिन्यांत येतं. हिवाळी पाहुण्यांचा आकडा मोठा दिसतो म्हणून सगळे हिवाळ्यातच येतात, पण गावाचे स्वतःचे पक्षी आषाढ-श्रावणात पिल्लं वाढवतात. करार करताना ऑगस्टची एक फेरी मागून घ्या, हिवाळ्यातला दिवस कमी झाला तरी चालेल.

अहवाल इंग्रजीत आला. ग्रामसेवक, जेसीबीवाला, मासेमारीचा ठेकेदार आणि म्हशीवाले, ज्यांनी तो वाचायचा त्यांच्यासाठी मराठीत फक्त दोन पानांचा गोषवारा. हे उलट व्हायला हवं होतं. कायद्याची बाजूही धूसर ठेवलीय. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी खास बांधलेले तलाव वगळलेले आहेत, त्यामुळे 'नियमानुसार संरक्षित' असं सरसकट प्रत्येक गावतलावाबद्दल लिहिता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मात्र तलाव कुणी बांधला हे विचारत नाही. त्यात घरटं आणि अंडी नष्ट करणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. अहवालाने हा मुद्दा पुढे आणला असता तर मे महिन्यात घाईने गाळ उपसणाऱ्यांना थांबवायला ग्रामसेवकाच्या हातात काहीतरी राहिलं असतं.

दर दिवसावर आकारतात. क्षेत्रकामाचे दिवस, पाण्याची तपासणी आणि अहवाल यांचे आकडे वेगळे लिहून घ्या. एकरकमी दरात पहिली कात्री क्षेत्रकामावर चालते आणि ते दिवस गेले की छेद काढायला कुणी उरत नाही. फेऱ्यांच्या तारखा करारातच टाका आणि त्यातली एक जानेवारीत, आशियाई पाणपक्षी गणनेच्या आसपास ठेवा. ही गणना १९८७ पासून त्याच महिन्यात होते, त्यामुळे तुमच्या तलावाचा आकडा शेजारच्या पाणथळींशी ताडून पाहता येतो. मोजणीचे कच्चे तक्ते, थांब्यांची ठिकाणं आणि छेदाची मापं ग्रामपंचायतीकडे राहतील, ही अट आधी घाला. आम्हाला ते तक्ते मागून घ्यावे लागले. तेच थांबे आणि तीच वेळ धरून पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला पुन्हा मोजता आलं नाही, तर गाळ काढल्याने पक्षी वाढले की घटले हे ठरवायला हातात काही राहणार नाही.