नवा गेम, पण कोणासाठी नवा? ज्युरीचा कौल आणि खेळाडूंची मतं

'काहीतरी वेगळं खेळायचंय' म्हणून व्हिडिओ गेम शोधायला बसलं की दोन प्रकारच्या याद्या हाती लागतात: ज्युरीने निवडलेल्या आणि खेळाडूंनी मतं देऊन ठरवलेल्या. नावीन्याचा शिक्का दोन्हीकडे असतो, मोजमाप मात्र वेगळं.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या स्टीम अवॉर्ड्समध्ये सर्वात नावीन्यपूर्ण गेमप्लेचा पुरस्कार खेळाडूंच्या मतदानाने ठरतो. २०२३ चा पुरस्कार 'स्टारफील्ड'ला मिळाला तेव्हा अनेकांनी कपाळाला हात लावला. तो बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीचे जुने गेम खेळलेल्यांना तो साचा तोंडपाठ होता. मतदानात हे होणारच. जो गेम लाखोंनी खेळलाय, त्याच्या पारड्यात मतंही जास्त. तरी ती सगळी मतं मी खोटी मानत नाही. आडोशाला पाठ लावून गोळीबार करायची पद्धत २००३ च्या 'किल स्विच'मध्ये होती, पण बहुतेकांना ती भेटली २००६ च्या 'गिअर्स ऑफ वॉर'मध्ये. त्यांचं नवल खरंच होतं.

स्वतंत्र निर्मात्यांच्या गेमसाठी असलेल्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा नुओव्हो पुरस्कार ज्युरी देते, तोही चाकोरीबाहेरच्या प्रयोगांना. कोणी ऐकलेही नसतील असे गेम इथे सापडतात. अडचण एवढीच, की कल्पनेला दाद मिळते तेव्हा गेम पूर्ण झालेला असेलच असं नाही. 'स्टोरीटेलर'ला हा पुरस्कार २०१२ मध्ये मिळाला. गेम बाजारात आला २०२३ मध्ये!

पण ज्युरी असो वा मतदार, खरा घोळ 'नवं' या शब्दातच आहे. वेळ मागे फिरवणं घ्या. २००३ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'मध्ये उडी चुकली की काळ मागे घ्यायचा; त्यासाठी लागणारी जादूची वाळू संपली की सोय बंद. २००८ च्या 'ब्रेड' (Braid) या गेममध्येही तेच बटण, फक्त मर्यादा नाही. मग त्यात नवं काय? तिथे एका खड्ड्यात हिरवी चमकणारी किल्ली असते. खाली उडी मारली तर वर यायला वाटच नाही. किल्ली उचलायची आणि काळ मागे फिरवायचा: तुम्ही पुन्हा वर, आणि किल्ली हातातच, कारण हिरव्या वस्तूंना काळ लागू होत नाही. चूक पुसायचं साधन इथे कोडं सोडवायचं साधन झालं. माझ्या लेखी नावीन्य ते हेच, मग कल्पना आधी कोणाची का असेना. पहिलेपणालाच मान देणारा माणूस हे मानणार नाही, आणि त्याला चूक ठरवायला माझ्याकडे कुठलीही फूटपट्टी नाही.

तुम्ही या छंदात नवे असाल तर खुशाल मतदानाची यादी उचला. त्यातलं बरंचसं तुमच्यासाठी खरोखर नवं असेल. वर्षानुवर्षं खेळत असाल तर नुओव्होची नामांकनं चाळा, फक्त गेम पूर्ण झालाय का ते आधी बघा. आणि परीक्षण कोणाचंही वाचलंत, तरी लिहिणाऱ्याने त्याआधी काय काय खेळलंय ते शोधा. त्याची यादी तुमच्याशी जुळत असेल तर त्याचा 'नवा' तुमच्याही उपयोगाचा.