पणजी: आधी फुटपाथ की सायकल मार्ग?
शहरासाठी सरकारी अनुदान मागायचंच, तर या दोन्हींतल्या कशासाठी? पणजीहून रायबंदरला जाणारा सतराव्या शतकातला कॉजवे, म्हणजे पाणथळ जागेतून बांधलेला रस्ता, सायकलीला उत्तम: जवळपास तीन किलोमीटर, सपाट, एका बाजूला मांडवी नदी. प्रस्तावात फोटोही झकास दिसेल! पण रस्ता अरुंद. वेगळा मार्ग काढायचा तर गाड्यांची जागा कापावी लागेल, आणि जून ते सप्टेंबर पावसात किती जण पेडल मारणार?

पणजीतल्या ‘18 जून’ नावाच्या रस्त्यावर मात्र बारमाही पायी गर्दी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार फुटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी वाट हवी. इथे मध्येच स्कूटर आडवी. शिवाय केंद्राचा निधी कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने छोट्या शहरांचं 60 टक्के अनुदान पाणी-स्वच्छतेला बांधलं होतं. उरलेल्यातून मागायचं, तर माझं मत फुटपाथला.