अर्ज माझा, पासवर्ड त्यांचा

एमबीए प्रवेशाची मुलाखत सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली होती आणि तोवर बरं चाललं होतं. मग स्क्रीनवरच्या बाईंनी समोरच्या कागदाकडे बघत विचारलं, "वडिलांचा कारखाना बंद करायची वेळ आली तेव्हा कामगारांना ते तुम्ही सांगितलंत. त्या दिवसाबद्दल जरा सांगाल?"

माझे वडील शिक्षक होते. कारखाना आमच्या घरात कधीच नव्हता. मी सहा वर्षं रुग्णालयाच्या प्रशासनात काम करते आणि अर्जातला माझा निबंध बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेवर होता. रात्री जागून चार वेळा लिहिलेला. त्या बाई उत्तराची वाट बघत होत्या. मी म्हटलं, "हा प्रसंग माझा नाही." त्यापुढे मी काय बोलले ते मला आजही धड आठवत नाही.

या अर्जासाठी मी एका सल्लागाराकडे गेले होते. नोकरी, जीमॅट या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास आणि जानेवारीतली अर्जांच्या दुसऱ्या राउंडची मुदत, सगळं एकदम अंगावर आलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही फक्त स्कोअर आणा, बाकी माझ्यावर सोडा." त्या दिवसांत हे वाक्य ऐकून इतकं हलकं वाटलं की मी पुढचं काही विचारलंच नाही. फी माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होती आणि ती सगळी आधीच घेतली. प्रवेशाची लेखी हमी दिली. अर्जासाठी माझ्या नावाने नवा ईमेल त्यांनीच उघडला, "मेल एका जागी राहतात" म्हणून. पासवर्ड त्यांच्याकडेच राहिला. ही एक गोष्ट मी होऊ दिली नसती तर पुढचं बरंच टळलं असतं.

तेव्हाच शंका यायला हवी होती, अशा खुणा होत्या. त्यांच्या जाहिरातीत एका विद्यार्थ्याचा "नव्या जीमॅटमध्ये ७६०" असा स्कोअर झळकत होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेत एकूण गुण २०५ ते ८०५ असतात आणि प्रत्येक स्कोअरच्या शेवटी ५ येतो. ७५५ मिळतील, ७६५ मिळतील, ७६० मिळूच शकत नाहीत. मी स्वतः त्याच परीक्षेला बसत होते, तरी माझ्या हे लक्षात आलं नाही.

परीक्षेत येणारे "खरे प्रश्न" वेगळे पैसे घेऊन देतो असंही ते म्हणाले होते. त्याला मी नाही म्हटलं, ते देवाची कृपा. असेच चालू प्रश्न पुरवणाऱ्या एका संकेतस्थळाविरुद्ध जीमॅट घेणाऱ्या संस्थेने २००८ मध्ये कोर्टात खटला जिंकला, आणि तिने ८४ जणांचे स्कोअर रद्द केले. रद्द झाले ते परीक्षार्थींचे.

मुलाखतीनंतर मी निबंधाची प्रत आणि पासवर्ड मागितला. दोन दिवस टोलवाटोलवी झाली. मग घाईत त्यांनी वर्डची मूळ फाइलच पाठवली. फाइलच्या माहितीत लेखक म्हणून दुसऱ्याच मुलाचं नाव होतं आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची. कारखान्याचं नाव बदललं होतं, बाकी मजकूर तसाच. पासवर्ड मिळाल्यावर अर्ज उघडला, तर शिफारसपत्र माझ्या साहेबांच्या नावाने उघडलेल्या एका फुकटच्या ईमेलवरून गेलेलं. साहेबांना मी विचारलं होतं आणि ते लिहायला तयारही होते. लिंक येण्याची वाट बघत होते बिचारे. ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

ते पत्र मी त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "यात तुझं एकही काम नाही. मी लिहिलं असतं तर त्या रांगेचं लिहिलं असतं." ते मला रागावले असते तर सोसलं असतं.

अर्जाच्या शेवटी "ही माहिती खरी असून लेखन माझं आहे" अशी घोषणा असते आणि तिच्याखाली आपलं नाव असतं, सल्लागाराचं नसतं. बऱ्याच शाळा, म्हणजे बिझनेस स्कूल, निबंध नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तपासतात. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या अँडरसन स्कूलने २०१२ मध्ये याच कारणाने ५२ अर्ज फेटाळले होते. प्रवेश मिळाल्यानंतरही बऱ्याच शाळा नोकरी, पगार आणि शिफारशी पडताळून बघतात, आणि खोटं निघालं तर मिळालेली जागा जाते. मी स्वतःहून शाळेला सगळं लिहिलं आणि अर्ज मागे घेतला.

पैसे परत मागितले तेव्हा हमीचा अर्थ कळला. करारात "कोणत्याही एका संस्थेत प्रवेश" असं लिहिलं होतं. माझ्या यादीत नसलेल्या एका संस्थेत त्यांनी मला न विचारता अर्ज भरला होता आणि तिथून आठवड्यात होकारही आला होता. म्हणजे त्यांच्या लेखी हमी पूर्ण झाली. एएसीएसबी, इक्विस, एएमबीए या बिझनेस स्कूलना मिळणाऱ्या तिन्ही मानांकनांच्या याद्या जालावर खुल्या आहेत. त्या मी एकेक करून पाहिल्या. ती संस्था एकीतही नव्हती. पैसे गेले ते गेलेच.

सगळेच सल्लागार असे नसतात, हे मी मनापासून म्हणते. चांगला सल्लागार प्रश्न विचारून तुम्हाला भंडावतो, मसुद्यावर खुणा करतो, मुलाखतीचा सराव घेतो. निबंध लिहून देत नाही आणि प्रवेशाची हमी तर नाहीच, कारण प्रवेश देणं त्याच्या हातात नसतं. निबंध लिहून देतो म्हणणाऱ्याकडून तिथल्या तिथे उठून या. अर्जाचं खातं तुमच्या रोजच्या ईमेलवर उघडा. शिफारस करणाऱ्याचा पत्ता स्वतः टाका, ऑफिसचा टाका, आणि लिंक मिळाली का ते त्यांना फोन करून विचारा. सबमिटचं बटण स्वतः दाबा आणि त्याआधी पूर्ण पीडीएफ उतरवून ओळन् ओळ वाचा. सरावासाठी जीमॅटच्या अधिकृत साइटवर दोन पूर्ण चाचण्या फुकट मिळतात. शाळांची माहितीसत्रंही फुकट असतात, आणि तिथले आजी विद्यार्थी मेलला किती आपुलकीने उत्तर देतात हे मला या वर्षी कळलं.

फाइलवर ज्याचं नाव होतं त्या मुलाला मी शोधून काढलं. लिहावं की नाही, यात आठवडा गेला. त्याचं उत्तर त्याच रात्री आलं. कारखाना खरंच त्याच्या वडिलांचा होता. बंद होतोय हे कामगारांना त्यानेच सांगितलं होतं, आणि निबंध त्याने स्वतः लिहून त्या सल्लागाराला फक्त तपासायला दिला होता. तो आता माझ्या यादीतल्या शाळांपैकी एकीत शिकतो आहे. "तिथल्या कुणी दुसऱ्याच्या अर्जात हे वाचलं तर चोर मी ठरेन," असं त्याने लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून त्याच्या मूळ मसुद्यांच्या तारखा जुळवल्या, आणि ते सगळं माझ्या पत्रासकट त्याने त्याच्या शाळेला पाठवलं.